विळ्याचं मूळ सांगणारे गृहस्थ

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. विचारायला मध्ये फट तर मिळायला हवी! पेणच्या बाजारात लोहाराकडे मी कोयत्याला धार लावून घ्यायला बसलो होतो. हे आले, नवे दात पाडून ठेवलेला एक विळा उचलला आणि विळ्याला इंग्रजीत सिकल का म्हणतात ते सांगू लागले. मूळ शब्द लॅटिन, अर्थ कापणे, तिथून तो जुन्या इंग्रजीत कसा शिरला, सगळं. दर वाक्याला चष्मा कपाळावर जाई आणि विळा हवेत फिरे. लोहार काम सोडून डोकं वाचवत होता.

विळा जिते गावच्या एका बाईचा होता. तिचं भात शेतात आडवं झालेलं, गाडीची वेळ झालेली, आणि ती हात पुढे करून उभी.

गृहस्थ एकदम थांबले. पातं निरखून लोहाराला म्हणाले, "अहो, दात उलट्या बाजूला पाडलेत तुम्ही!"

"उलटं नाय काय," बाई म्हणाली. "मी डावखुरी हाय. माझा हात बघूनच पाडलेत त्यानं. द्या आता, गाडी जाईल माझी."

विळा त्यांच्या हातातून काढून घेऊन ती चालू लागली. गृहस्थांनी खिशातून वही काढली. चूक कळली की टिपून ठेवणारा माणूस दिसतोय, असं वाटून मला त्यांच्याबद्दल जरा आदरही वाटला. मी डोकावलो. सुंदर अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: 'पेण. स्थानिक विळा. दात सदोष.'