दोरी बांधलेला ठोकळा

ठोकळाभाऊंच्या जीपमध्ये मोहाच्या लाकडाचा एक ठोकळा असायचा आणि त्याला दहा हात दोरी बांधलेली. चाक पंक्चर झालं की ठोकळा दुसऱ्या चाकाला लावायचा आणि दोरीचं टोक स्टेअरिंगला गुंडाळायचं. निघायच्या घाईत माणूस गाडीत बसला, की दोरी हातात येणार. मग ठोकळा रस्त्यावर राहूच शकत नाही. गडचिरोली-धानोरा लाइनीवर आम्ही सगळे काळी-पिवळी जीपवाले हसायचो.

"काऊन गा भाऊ, बकरी बांधून राह्यले का?" मी विचारायचो.

"बकरी पळाली त सापडते," ते म्हणायचे. "गाडी पळाली त माणूस सापडत नाई."

मी चौथीपर्यंत शिकलो, पण गाडीतलं मला कोणी शिकवावं हे कधी खपलं नाही. भाऊंना शिकवल्याशिवाय राहवत नसे. कोणाचीही गाडी बसलेली दिसली की हे उतरणार. आधी सगळी सवारी खाली, रस्ता सोडून झाडाखाली; सरपंच असला तरी. मग पळसाची फांदी तोडून वळणाच्या पलीकडे टाकायची, येणाऱ्याला आधीच कळावं म्हणून. नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅक नंतर. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवायची. "जॅक म्हणजे पाहुणा," म्हणायचे. "कवा उठून जाईन, सांगत नाई."

ट्रकवाले चाकाला दगड लावतात आणि तसेच टाकून जातात. भाऊ भरली जीप थांबवून ते दगड उचलायचे. सवारी वैतागायची. एकदा एक म्हातारी म्हणाली, "रोडाचा ठेका घेतला का गा?"

"नाई माय. मोटारसायकलवर कोनाचा तरी पोरगा येते. त्याच्यासाठी."

पुढे त्यांनी जीप विकली. ठोकळा मात्र विकला नाही. तो पिशवीत घालून ते कधीमधी माझ्या शेजारी येऊन बसायचे. त्या उन्हाळ्यात धानोऱ्याहून आम्ही दोघंच परतत होतो. सवारी वाटेत उतरून गेली होती. जंगलातल्या उतारावर, वळणाच्या अलीकडे, मागचं चाक बसलं. भाऊंनी फांदी टाकली आणि पिशवी उघडली.

"माह्या गाडीले तुमचा ठोकळा नाई लागत," मी म्हणालो आणि कडेचा एक मोठा दगड आणून पुढच्या चाकाला लावला. त्यांनी पिशवी बंद केली.

चाक बदलल्यावर फांदी मी स्वतः उचलून फेकली. फांदी हलकी होती. दगड जड होता, तो राहिला.

वळण पार झाल्यावर भाऊंनी विचारलं, "दगड?"

"राहू द्या ना भाऊ. एका दगडानं कोन मरते?"

"गाडी मागं घे."

"नाई घेत. जाचं असन त पायी जा."

ते खरंच उतरले. खांद्यावर दुपट्टा टाकून मागे चालत गेले. मी इंजिन बंदसुद्धा केलं नाही. आरशात पाहत होतो. वळणावर ते दिसेनासे झाले. मग समोरून आलेला एक ट्रक मला ओलांडून वळणात शिरला आणि त्याचा ब्रेक ऐकू आला, लांबलचक.

मी पोचलो तेव्हा दगड रस्त्याच्या कडेला ठेवलेला होता. भाऊ त्याच्या अलीकडे पडले होते. दोन्ही तळहातांना माती होती. ट्रकवाला रडत म्हणत होता, वळणावर एक फांदी तरी दिसली असती!

लोकांना मी सांगितलं, भाऊ लघवीला उतरले होते. पोलिसांनाही तेच. खरं काय ते आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्यांची पिशवी माझ्याच जीपमध्ये राहिली होती. आठ दिवसांनी ती घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी ठोकळा बाहेर काढला, दोरीचा गुंता हळूहळू सोडवला, नीट गुंडाळी केली आणि माझ्यापुढे धरला.

"तुमीच ठेवा, भाऊ. तुमाले लागन."

आवाजात राग नव्हता. त्यांना काय ठाऊक होतं, ते मी विचारलं नाही. अजून विचारलं नाही.