नरेशरावांचा शब्द आणि थायलंडची मॅच

आमचे हे, म्हणजे नरेशराव, एकदा शब्द देऊन बसले की संपलं. बायको म्हणून कौतुक करून नाही राहिले मी, डोक्याले ताप झाला म्हणून सांगते. आमची शर्मिष्ठा चार वर्षांची असताना तिले टायफाइड झाला. हे बोलून गेले, ‘पोट्टी बरी झाली तर डोंगरगडले बमलेश्वरी देवीच्या दर्शनाले पायी जाईन.’ रायपूरहून शंभर किलोमीटर! आणि माणूस कसा, तर रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणारा. पायाले फोड आले. मी वाटेत राजनांदगावात गाठून बस दाखवली, तर माझ्यावरच डोळे वटारले. दर्शन घेऊनच घरी आले.

तीच पोट्टी आता चौदाची. फुटबॉल असा खेळते की भुवनेश्वरच्या एका स्पोर्ट्स होस्टेलनं तिले निवडलं. सोमवारपर्यंत फॉर्मवर बापाची सही पाहिजे होती आणि हे काही केल्या ऐकून राहिले नव्हते. ‘पोरींच्या फुटबॉलात काय ठेवलं आहे?’ एवढंच पालुपद. खरं कारण मले ठाऊक होतं. ऑफिसातून आल्यावर पोट्टी समोर दिसली नाही, तर ह्यांच्या घशाखाली पाणी उतरत नाही.

ही दोन हजार पंचवीसच्या जुलैची गोष्ट. आपल्या पोरींची थायलंडशी मॅच होती, आशिया कपच्या पात्रतेची. जिंकेल तो संघ पुढं, हरेल तो घरी. शर्मिष्ठानं विचारलं, “पापा, इंडिया जीती तो साइन करोगे?”

ह्यांनी आधी मोबाइलवर शोधलं. थायलंडच्या पोरींना आपण आजवर एकदाही हरवलं नव्हतं, रँकिंगातही त्या बऱ्याच वर. झालं! हे खुशीत म्हणाले, “जिंकल्या तर करतो सही. बमलेश्वरीची शपथ.”

शनिवारी संध्याकाळी पिठाच्या डब्याले मोबाइल टेकवून तिघं बसलो. पहिला गोल आपला झाला आणि ह्यांचा चेहरा उतरला. मध्यंतरानंतर थायलंडनं लगेच बरोबरी केली, तर हे गुणगुणत उठले आणि स्वतः चहा ठेवायले गेले. माणूस आपल्याच देशाच्या हरण्याची वाट पाहून राहिला होता, बाप्पा! मले असा संताप आला.

मग आपला दुसरा गोल झाला. अजून पंधरा-वीस मिनिटं उरली होती, थायलंडच्या पोरी नुसत्या तुटून पडल्या. आणि काय सांगू, हेच ओरडायले लागले, “अगं बाहेर मार! टाइम घालव ना माय!” तिकडं गॅसवर चहा उतू गेला, कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटची शिटी वाजली तशी ह्यांनी शर्मिष्ठाले उचललंच. चौदा वर्षांची घोडी!

मग ह्यांना आठवलं. तिले हळूच खाली ठेवलं आणि खुर्चीवर बसून राहिले. मी ओटा पुसत होते आणि डोळेही. जिंकल्याचा आनंद होताच, पण पोट्टी माझीही जाणार होती ना.

शर्मिष्ठानं फॉर्म काढलाच नाही. बापाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “पापा, मन नहीं है तो मत करो. मैं नहीं जाऊँगी.”

“मन नाहीच आहे,” हे म्हणाले. “पेन आण.”