कांताच्या उशाशी

भूतबित मला कधी पटलं नाही. शिकत असताना आमच्या हॉस्टेलला लागूनच शवागार होतं आणि तिथे मी ढाराढूर झोपायचे. हे सांगायला म्हणूनच इतकी वर्षं गेली...

सत्तरीच्या दशकाची अखेर. चिंचवड स्टेशनजवळच्या एका लहान प्रसूतिगृहात मी सिझेरियनसाठी भूल द्यायला जायचे. त्या सकाळी रावेतची कांता आली – पहिलटकरीण, नवरा कंपनीत फर्स्ट शिफ्टला, सोबत सासू. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले होते. मी मणक्यात इंजेक्शन दिलं, थोडं थांबले आणि पोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला.

"गार लागतंय?"

"लागतंय की, बाई. पाय बी हलत्यात," ती घाबरून म्हणाली.

कधीकधी नाहीच चढत ती भूल, नीट देऊनसुद्धा. पुन्हा टोचून वाट बघायला वेळ नव्हता. सर्जनबाई म्हणाल्या, "झोपवा तिला." मी शिरेतून औषध दिलं, घशात नळी घातली आणि तिच्या उशाशी श्वासाचा फुगा दाबत बसले.

मुलगी झाली. निळी पडलेली. सिस्टर तिला घेऊन पायथ्याकडच्या टेबलावर झटत होती. इतक्यात माझ्या हाताशी, अगदी कांताच्या कानाजवळ, बाळ रडलं. बारीक, पण स्पष्ट. मला इतकं हायसं वाटलं...

"रडली ना," मी म्हणाले.

"कोण?" सिस्टरने मान वर केली. तिच्या हातातलं बाळ निपचित होतं. ते शेवटपर्यंत रडलं नाही. आणि त्या दिवशी तिथे दुसरं तान्हं नव्हतं.

कांता शुद्धीवर आल्यावर मुलगी गेल्याचं सासूनेच तिला सांगितलं. कांताने मुलगी मागून घेतली, छातीशी धरली. "हिला सुमन म्हणा," म्हणाली.

"जे रडलंच न्हाई त्याला नाव ठिवत न्हाईत आमच्यात, पोरी," सासू पदराने डोळे पुसत म्हणाली.

"रडली व्हती. माझ्या कानाशी." मग माझ्याकडे वळून – "बाई, तुमी व्हता की तितं. सांगा ह्यास्नी."

माझेच शब्द तिने गुंगीत ऐकले असतील, मान्य. पण मग मी काय ऐकलं होतं?

"रडली होती," मी म्हणाले. "मी ऐकलं."

सासूने डोक्यावर पदर घेतला. मग बाळाच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "सुमन."

संध्याकाळी पवना नदीच्या काठी बापाने तिला पुरलं, नाव घेऊन. तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. पण ती रडली होती. आम्ही दोघींनी ऐकलं.