म्हैस निघाली औशाला

त्या शनिवारी माझ्या डायरीत चार कामं होती. गॅस नोंदवणे. गव्हाला ऊन देणे. चाकूरजवळच्या शाळेत कविता वाचणे. कोणी हसलं नाही तर वही माळ्यावर टाकणे.

चौथं काम लाल पेनाने लिहिलं होतं. चार वर्षं ऑफिस सांभाळून मी मुलांसाठी गमतीच्या कविता लिहीत होते. लातुरात आमच्या कॉलनीतल्या मुलांना त्या वाचून दाखवल्या, तर त्यांनी शहाण्यासारख्या टाळ्या वाजवल्या. हसलं एकही नाही. एका आईने तर संदेश छान दिलाय म्हणून कौतुक केलं. कवितेत म्हैस एसटीने औशाला जाते. त्यात संदेश कुठला, ते मला अजून कळलेलं नाही.

चाकूरजवळच्या एका गावात माझी शाळेपासूनची मैत्रीण दुसरीला शिकवते. तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, ये, पण आमची पोरं तोंडदेखलं हसत नाहीत. मला तेच हवं होतं.

वहीत मी समास आखून नेला होता. ज्या ओळीला हसतील तिथे बरोबरची खूण, नाहीतर फुली. वाचायला लागले.

म्हैस निघाली औशाला,
पिशवी घेतली उशाला;
कंडक्टर म्हणे, "अर्धं तिकीट?"
म्हैस म्हणे, "ते कशाला?"

मागून खसखस ऐकू आली. मी घाईने खूण केली. पुढच्या कडव्यात म्हैस औशाच्या किल्ल्यावर भर दुपारी उन्हात बसते. वर्ग गप्प. फुली. पुन्हा फुली. पुढे बसलेल्या एका मुलीच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मैत्रीण तिला डोळ्यांनी दटावत होती, पण मीच विचारलं, काय झालं.

"म्याडम, म्हैस उन्हात बसत न्हाई."

एसटीत बसलेली चालते का? तर हाव, ते चालतंय, एसटीत कुणीबी बसतंय. पण त्यांच्या घरची म्हैस ऊन चढलं की दावं तोडून ओढ्यात जाते. सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. मी म्हैस कधी पाळलेली नाही. पेन उघडून विचारलं, मग काय करायचं?

"तिला पाणी लागतंय. एसटीतच भरा की."

मग वर्ग आवरेना. पाणी किती, यावरून भांडण झालं. गुडघ्याएवढं ठरलं. कुणाच्या गुडघ्याएवढं? कंडक्टरच्या. त्याने पँट वर करावी आणि तिकिटं भिजू नयेत म्हणून म्हशीच्या शिंगांना अडकवावीत. मी किल्ला खोडला आणि तिथेच उभ्याउभ्या लिहिलं.

एसटीत भरलं गुडघाभर पाणी,
म्हैस लागली गाऊ गाणी;
तिकिटं टांगली शिंगांवरती,
एसटी झाली तळ्याची राणी.

हे वाचल्यावर ती आठ्यावाली मुलगी पोट धरून सतरंजीवर आडवीच झाली. मैत्रीण फळ्याकडे तोंड करून हसत होती. पुन्हा वाचा, पुन्हा वाचा म्हणत त्यांनी माझ्याकडून ते सहा वेळा वाचून घेतलं. घरी येताना पाहिलं, तर त्या कडव्यापुढचा समास कोराच. खुणा करायचं राहूनच गेलं होतं.

परतीच्या एसटीत मी डायरी काढली आणि चौथं काम लाल पेनानेच खोडलं. गॅस नोंदवायचा राहिला होता. तेवढ्यात कंडक्टर तिकिटासाठी पुढ्यात आला. माझी नजर आधी त्याच्या पँटकडे गेली. कोरडी होती.