सदुसष्टाव्या वर्षी यांना नवीन गाणी आवडायला लागली

माझ्या नवऱ्याला त्याच्या मित्रांनी हसून हसून गप्प केलं.

आज यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे वाक्य गिळत होते. आज लिहून टाकते.

रिटायर झाल्यावर हे महाल भागातल्या एका कराओके ग्रुपमध्ये जायला लागले. दर रविवारी दुपारी. सगळे रिटायर्ड, सगळे यांच्याच वयाचे.
गाणी फक्त जुनी. यांची तीन ठरलेली. लोक वन्स मोअर द्यायचे. हे खूश असायचे.

मग धंतोलीतल्या दवाखान्यात यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद, पेपर बंद. काळा चष्मा लावून दिवसभर पलंगावर.
फोनवर जुनी गाणी लावून द्यायची मी. ती संपली की फोन आपल्या मनानं काहीतरी दुसरं लावायचा.

एक दिवस आतून हाक आली.
"हे ऐक वं."

एक मुलगी गात होती. गात कसली, भरभर बोलतच होती.

"कोणती भाषा आहे ही?"
"तमिळ असंल. मले काय मालूम? पण ऐक ना. पोरगी रडून नाही राहिली, भांडून राहिली."

त्या दिवसापासून यांना वेडच लागलं.
तमिळ, अरबी, कुठलं कुठलं. चष्मा गेला, पण इअरफोन काही निघाले नाहीत. भाजी आणायला गेले तरी कानात तेच.

मी विचारलं, "अहो, काहून ऐकता हे? एक शब्द तरी समजते का?"

म्हणाले, "जुनं गाणं ऐकलं का मी बावीस वर्षांचा होतो. हे ऐकलं का मी सदुसष्टचाच राहतो. मले आवडते वं, सदुसष्टचा मी."

मी या माणसासोबत उभा जन्म काढला. इतकं सुंदर वाक्य यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग यांनी त्या मुलीचं गाणं बसवायला घेतलं. पुण्याहून लेकीनं ट्रॅक शोधून पाठवला. आंघोळीला जाताना, चहा घेताना, सारखी तीच प्रॅक्टिस. जीभ अडखळायची, स्वतःच हसायचे, परत सुरू.

ग्रुपच्या वार्षिक कार्यक्रमात हे तेच गाणं घेऊन उभे राहिले. नवीन शर्ट घातला होता. मी दुसऱ्या रांगेत होते.

अर्ध्यावर ग्रुपच्या अध्यक्षांनी हात केला आणि ट्रॅक बंद झाला.

माईक घेऊन म्हणाले, "सुधाकरभाऊ, ऑपरेशन डोळ्याचं झालं का डोक्याचं गा?"

अख्खा हॉल हसला.
हे पण हसले. मला ते हसणं अजून दिसतं.

पुढच्या रविवारी हे परत गेले. उशिरा घरी आले.
"गायलात?"
"नाही. आज गर्दी होती."

गर्दी नव्हती. यांना व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं होतं, न सांगता. दुपारभर खुर्चीवर बसून होते, कोणी नाव पुकारलं नाही. हे मला नंतर एका मैत्रिणीकडून कळलं. यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्यानंतर हे परत कधी गायले नाहीत. बाथरूममध्येसुद्धा नाही.
थंडीत हार्ट अटॅक आला. संपलं.

शोकसभेत त्याच अध्यक्षांनी यांची ठरलेली तीन गाणी म्हटली. "सुधाकरभाऊ शेवटपर्यंत जुन्या गाण्यांचे दिवाने होते," असं म्हणून डोळे पण पुसले. मी समोरच बसले होते.

आता यांच्या नावानं स्पर्धा ठेवली आहे. आज संध्याकाळी. परवा अध्यक्षांचा फोन आला.

"वहिनी, बक्षिसं तुमच्याच हातून द्यायची आहेत. बॅनर पण मस्त झालं."

"यांचं ते गाणं लावाल का?"

"कोणतं?"

"तुम्ही अर्ध्यावर बंद केलं ते."

मग म्हणाले, "जाऊ द्या ना वहिनी, तो विषय कायले आता? लोकायले समजलं पाहिजे ना गाणं."

मी म्हटलं, "मग बॅनरवरून यांचा फोटो काढा," आणि फोन ठेवला.

मी जाणार नाही. तुम्हीही माझ्यासाठी जाऊ नका.

यांची आठवण आलीच, तर आज एखादं कधी न ऐकलेलं गाणं लावा.
नाही आवडलं तरी पूर्ण होऊ द्या.

अहो, तुम्ही चांगलं गात होता. तेव्हा हॉलमध्ये उठून सांगायला हवं होतं कोणीतरी.

नमस्कार करते.