मापबाईंचा परदेशी मुक्काम

मापबाई वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसल्या, आणि तेही पायांसाठी. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या.

कृत्रिम पाय बनवण्याच्या कारखान्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. ज्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याच्या उरलेल्या भागाला प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळून साचा घ्यायचा, कानस चालवून तो साचा मापात आणायचा आणि त्यावर पाय आत बसेल अशी सॉकेट घडवायची, हे त्यांचं काम. कुठे हाड टोचेल नि कुठे मांस दाब सोसेल, हे त्यांचा अंगठा बरोबर सांगायचा. त्यावरूनच मापबाई हे नाव पडलं, ते पार घरापर्यंत पोचलं.

एकदा परदेशातल्या एक डॉक्टरीणबाई कारखाना बघायला आल्या. चहा घेऊन भराभरा जिना चढून आलेल्या शिपायाला त्यांनी विचारलं, "पाय बसवलेले पेशंट कुठे भेटतील?"

"मीच की!" शिपाई म्हणाला आणि त्याने पँट वर केली.

डॉक्टरीणबाई तो पाय बघतच राहिल्या. महिन्याभरात पत्र आलं. तीन महिने आमच्याकडे या, फिरत्या गाडीतून पाच गावांत शिबिरं घेऊ, आमच्या माणसांना शिकवा.

नणंदेने नाक मुरडलं. "या वयात कसली ही हौस? दादाच्या जेवणाखाण्याचं काय?"

"दादा काय कुकुलं बाळ आहे?" मापबाईंचे यजमान म्हणाले. ते शाळेत हेडक्लार्क होते, निवृत्तीला सहा महिने उरले होते. बायकोकडे वळून म्हणाले, "तू जा गं. मी कुकर लावायला शिकतो. तीन शिट्ट्यांचा तर प्रश्न आहे."

तर अशा त्या परक्या देशात उतरल्या, तेव्हा झाडं पिवळी पडायला लागली होती. गाडीत चौघं. डॉक्टरीणबाई, एक निवृत्त शिक्षिका दुभाषी म्हणून, झुपकेदार मिशांचा ड्रायव्हर आणि मापबाई. ड्रायव्हर दिवसात चार शब्द बोलला तर बोलला. पण पहिल्याच दिवशी त्याने हीटरची जाळी मापबाईंच्या पायांकडे वळवली, आणि पुढे कुणी न सांगता रोज वळवत राहिला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मधूनच तांबूस पानांचं रान. मापबाई काचेला नाक लावून बघत बसायच्या.

पहिलं शिबिर एका शाळेच्या सभागृहात झालं. लांबलांबून माणसं आली होती. मापबाईंनी दोन दिवसांत अकरा जणांची मापं घेतली, आठवड्याने पाय तयार झाले, ते घालून माणसं दांड्या धरून चालली. टाळ्या पडल्या. गाडी पुढच्या गावाला लागली आणि चारच दिवसांत निरोप आला. पाय सैल होतायत. एकाचा नाही, सगळ्यांचे.

मापबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. पंचवीस वर्षांत असं घडलं नव्हतं. त्या साच्यांसमोर बराच वेळ बसल्या, मग दुभाषी बाईंना म्हणाल्या, "ही माणसं शिबिराला कशी आली होती?"

"बसने. कुणी तीन तास, कुणी चार."

"म्हणजे पाय लोंबकळत ठेवून. आणि आल्या आल्या मी माप घेतलं." त्यांनी कपाळावर हात मारला. "सूज मोजली हो मी! पाय मोजलाच नाही. आमच्याकडे माणसं आदल्या दिवशी येऊन मुक्काम करतात, सकाळी माप होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लोकांना सांगू, मशीनमध्ये बिघाड होता."

"मशीन कुठलं? चूक माझी आहे, तसंच सांगा. आणि पुढच्या वेळी आल्यावर तासभर सगळ्यांना पाय उंच ठेवून झोपवा. मग माप."

पुढच्या गावांत तसंच झालं. सभागृहात ओळीने गाद्या, त्यावर आडवी झालेली मोठमोठी माणसं, काही तर चक्क घोरणारी. ते पाय नीट बसले. मग गाडी पुन्हा पहिल्या गावी वळली. दहा जण आले. अकरावा आला नाही.

तो रंगारी होता. घरं रंगवायचा. बायको धापा टाकत एकटीच आली. "तो म्हणतो, माझे चार पाय झाले. आता मी गाय आहे. पाचवा कशाला?"

मापबाई हसल्या. "मग गोठा तरी बघून येऊ."

रंगारी साठीचा, अंगाने काटक. दारातच कुबड्यांवर उभा राहिला, आत या म्हणाला नाही. मापबाईंनी पट्टी काढली नाही, प्लास्टर काढलं नाही. फक्त म्हणाल्या, "जुने पाय दाखवता?" ते मागच्या खोलीत रंगाच्या डब्यांशेजारी टांगलेले होते. तीन जुने, चौथा मापबाईंचाच. त्यांनी चारही ओळीने खाली मांडले, उलटे केले आणि चष्मा लावून तळवे बघायला लागल्या. टाच झिजलेली नव्हती. पुढचा भागही नाही. मधोमध मात्र चारही पायांच्या रबरावर आडवी खाच पडली होती, दोरी काचावी तशी.

"बाई," त्या दुभाषीला हळूच म्हणाल्या, "हा माणूस शिडी चढतो."

दुभाषी बाईंनी हळूच सांगायला हवं होतं. पण शिक्षिका त्या, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"काय?" बायको ओरडली. "तू तर म्हणालास, खाली उभा राहून खिडक्या रंगवतो!"

दोन वर्षं ताकास तूर लागू न दिलेला माणूस खाली बघायला लागला. मग मापबाईंकडे बघून म्हणाला, "वर चढलो की पाय निघून हातात येतो. पण बसून काय करू? रंगारी आहे मी."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना! मी चालायचा पाय केला. शिडीचा वेगळा करायला लागतो." त्यांनी जमिनीवर बसकण मारली. "झोपा आडवे. पाय उशीवर."

या वेळी त्यांनी सॉकेट मांडीवरच्या पट्ट्याला जोडली, पाऊल मध्ये कडक ठेवलं. डॉक्टरीणबाई साशंक होत्या. अंगणात शिडी लावली, ड्रायव्हरने खालून धरली. रंगारी सहा पायऱ्या चढला, उतरला, पुन्हा चढला. बायको डोळ्यांवर हात ठेवून उभी होती, बोटांच्या फटीतून बघत. रंगारी उतरला आणि मापबाईंना काहीतरी म्हणाला. दुभाषी बाई म्हणाल्या, "तो विचारतोय, तुमच्या खोलीला कुठला रंग हवा?"

खोलीला रंगाची गरज होतीच. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर मापबाईंना एक खोली दिली होती. भिंतीला ओल, एक खिडकी, एक शेगडी. शिबिरं संपल्यावर त्या तिथे राहून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या दोघींना कानस चालवायला शिकवू लागल्या. त्यांना तिथली भाषा आली ती दुखतं, घट्ट, सैल, उभे राहा एवढीच. बेकरीत त्यांनी ताजा, मऊ पाव मागायला "सैल पाव" मागितला, तेव्हा बेकरीवाली हसून हसून काउंटरला टेकली. दुसऱ्या दिवसापासून तीच म्हणायची, "सैल पाव आलाय, या!"

थंडी वाढली, झाडं उघडी पडली. रंगाऱ्याने येऊन खोली फिक्या पिवळ्या रंगाची करून दिली. बायकोने शिडी धरली आणि दिवसभर त्याला सूचना दिल्या. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी दोन वर्षं राहाल का?

मापबाईंनी घरी फोन लावला. बोलायचं जिवावर आलं होतं.

"अहो, हे लोक दोन वर्षं राहा म्हणतायत."

यजमान म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"इथे पाय मोजायला कोणीच नाही हो. त्या दोघी शिकतायत, पण अंगठा तयार व्हायला वेळ लागतो."

"मग राहा की. मी रिटायर होतोच आहे. तिथे हेडक्लार्क लागत नसेल, पण घरात दुसरा माणूस चालेल ना?"

"खोली लहान आहे."

"आपली कुठे वाड्यासारखी होती?"

मापबाईंनी डोळे पुसले आणि स्वेटर किती घ्यायचे, ते सांगायला लागल्या.

यजमान थंडी सरताना आले. दोनाची चार वर्षं झाली. दवाखान्याच्या रजिस्टरचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. त्या दोघींपैकी थोरलीने एके दिवशी एका बाईचं माप घेतलं आणि सवयीने मापबाईंकडे वळून बघितलं. मापबाईंनी माप न तपासताच मान डोलावली आणि हात धुवायला गेल्या.