दिवाणातला आवाज

मोटरी दुरुस्त करणाऱ्या वाइंडरने घरातच बोअर मारायला घेतली आहे, अशी बातमी आमच्या इमारतीत फुटली तेव्हा कोणी हसलंसुद्धा नाही. तो राहतो तिसऱ्या मजल्यावर. पाण्यापर्यंत पोचायचं तर त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीबाईंचं स्वयंपाकघर, पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याचं कपाट आणि खालचं पार्किंग असं सगळं फोडत जावं लागलं असतं. पण अफवेला कुठे जिने मोजायचे असतात? कोणीतरी त्याला थर्माकोलची पाटी, पळण्याच्या मशीनची जुनी मोटर आणि सायकलची ट्यूब घेऊन वर जाताना पाहिलं. पुढचा खड्डा लोकांनी आपापल्या तोंडाने खणला.

खरं म्हणजे तो सबवूफर करत होता. गाण्यातला सगळ्यात खालचा, कानापेक्षा पोटाला जास्त कळणारा आवाज काढणारा स्पीकर. आणि हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं त्याच्या मेहुण्याने. बायकोच्या या धाकट्या भावाने दुकानातून कपाटाएवढा सेट आणला होता. तो ऐकवून झाल्यावर मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही आयुष्यभर मोटरीच ऐकल्या, तुम्हाला यातलं काय कळणार? चारचौघांत म्हणाला. वाइंडरने चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं, की याच्याहून खालचा आवाज मी भंगारातून काढून दाखवीन. तोंडातून शब्द गेला आणि नाक अडकलं.

वाइंडर म्हणजे जळालेल्या मोटरींची तार सोडून नवी गुंडाळणारा माणूस. पंचवीस वर्षं त्याने घुमणाऱ्या यंत्रांना गप्प करण्याचंच काम केलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. बिनआवाजाची मोटर ती शहाणी मोटर, हे त्याचं वेदवाक्य. इमारतीतही तो आवाजाचा कर्दनकाळ. दुपारी दोन ते चार दुकान बंद करून तो झोपायला घरी येई आणि कोणी भिंतीत खिळा ठोकला तरी वर जाऊन भांडे. शेवटी सभेत त्यानेच ठराव करून घेतला, आणि जिन्यातल्या भिंतीवरचा कागदही त्याच्याच अक्षरात होता: ‘दुपारी दोन ते चार कोणीही आवाज करू नये. वयस्कर माणसांचा विचार करावा.’ वयस्कर माणसं त्या वेळी पार्किंगमध्ये पत्ते खेळत असत, ही गोष्ट वेगळी.

तर हा कर्दनकाळ आता बरोबर दोन ते चारच दिवाणात डोकं घालून बसू लागला. बायको दवाखान्यात केसपेपर लिहायच्या कामावर, घर मोकळं. मोठा स्पीकर विकत घ्यायचा नाही म्हटल्यावर त्याने स्पीकरच्या जागी मोटरच बसवली. वीज दिली की मोटर गरगर फिरते, पण तिला गाणं दिलं तर ती फिरत नाही, जागच्या जागी डावी-उजवीकडे झोके घेते. त्या झोक्याला त्याने आडवी पट्टी लावली, पट्टीला दांडी, दांडीला फ्रिजच्या खोक्यातली थर्माकोलची पाटी. पाटीवर गोंद लावून सुती कापडाचे तीन थर, आणि कडेने सायकलच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे पाटी पुढेमागे हलेल पण हवा निसटणार नाही. राहिली पेटी. पेटी कुठे शोधायची? पाहुणे बसायचा दिवाण होता की आयता. त्यातल्या रजया कपाटावर गेल्या आणि दिवाणाच्या पुढच्या फळीला परातीएवढं भोक पडलं. बायकोने संध्याकाळी ते पाहिलं, पर्स खुंटीला लावली आणि एवढंच विचारलं, की आता पाहुण्यांनी कुठे बसायचं, तुमच्या डोक्यावर?

यंत्र चाललं. पाटी अशी हले की समोरचा पडदा श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होई. पण आवाज मात्र पुरेसा येईना. वाइंडर खोलीच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसे, कान देई, मान हलवी, उठून बटण थोडं वाढवी. पुन्हा बसे, पुन्हा मान हलवी. असं तीन आठवडे चाललं. ज्या माणसाला मोटरीच्या पोटातली एक सैल तार ऐकू येते, त्याला स्वतःच्या दिवाणाचा आवाज सापडेना.

इमारतीला मात्र तो चांगलाच सापडला होता. दुपार झाली की दारं थरथरत. मांडणीतल्या ताटल्या एकमेकींशी बोलत. आणि पाण्याची टाकी भरायला पंपही दुपारी दोनलाच सुरू होत असल्यामुळे सगळ्यांनी पंपाकडे बोट दाखवलं. पंप बघायचे काका सत्तरीला टेकलेले, बावीस वर्षं त्या खोलीत काढलेले. त्यांना ऐकू जरा कमी येई, म्हणून ते पंपावर पालथा हात ठेवून त्याची तब्येत ओळखत. ते म्हणाले, पंप ठणठणीत आहे. लोक म्हणाले, काकांचे कान गेले, आता हातही गेला.

आणि मग तज्ज्ञाला बोलावणं धाडलं. तज्ज्ञ कोण? वाइंडर.

पंपाच्या खोलीत सात-आठ माणसं जमली. वाइंडरने नेहमीच्या ऐटीत स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. पंप लोण्यासारखा चालला होता. तो तसं सांगणारच होता, तेवढ्यात सेक्रेटरीबाई म्हणाल्या, काल पावणेतीनला तर कहर झाला, माझा चष्मा टेबलावरून चालत चालत गेला आणि खाली पडला. पावणेतीनला वाइंडरने बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं. बाईंचं टेबल त्याच्या दिवाणाच्या बरोबर खाली.

डोळे मिटलेले होते म्हणून बरं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मात्र सगळ्यांना दिसल्या, पण ते खोलीतल्या उकाड्यावर गेलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, आवाजाचा ठराव करणारा, दिवाणाला भोक पाडून थर्माकोल हलवत बसतो, हे आता या आठ जणांत सांगायचं? समोर काका उभे होते, हात पुसत, निकालाची वाट बघत.

"बेअरिंग गेलंय," वाइंडर म्हणाला.

पंप दोन दिवस त्याच्या दुकानात पडून राहिला. त्याने तो उघडला, पुसला, होता तसा बंद केला. त्या दोन दिवसांत दिवाणालाही हात लावला नाही, आणि नंतरही नाही. साहजिकच घुमणं थांबलं. लोकांनी त्याची वाहवा केली. त्याने कामाचा मोबदला नाकारला, तर वाहवा दुप्पट झाली. ज्याला जोडे पडायला हवे होते त्याच्या गळ्यात हार पडला, आणि तो काढताही येईना.

काका मात्र मिटले. पत्त्यांच्या डावाला येईनासे झाले. पूर्वी पंपावर एकदा हात ठेवून निघणारे काका आता तीन-तीनदा परत येऊन हात ठेवत, आणि कोणी विचारलं तर, आहे वाटतं बरा, असं म्हणत. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडी ‘वाटतं’ हा शब्द कोणी ऐकला नव्हता. वाइंडर दुकानात जाताना पंपाच्या खोलीचा रस्ता टाळून मागच्या फाटकातून जाऊ लागला.

बायकोला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली,

"अहो, पंप दोन दिवस तुमच्या दुकानात होता. तेव्हा घुमत नव्हतं. मग पंप परत आला, तरी घुमत नाही. आणि आपला दिवाणही गप्पच आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी फक्त मोजते आहे."

पुढच्या सभेत ठरलं, की टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं बटण बसवायचं आणि काकांना आता विश्रांती द्यायची. विश्रांती हा शब्द सगळ्यांना फार आवडला. त्यात कोणी कोणाला काढून टाकल्यासारखं वाटत नव्हतं. बटण कोण बसवणार? अर्थात वाइंडर. रविवारी. तो मान हलवून घरी आला आणि त्या रात्री जेवला नाही.

शनिवारी दुपारी, पंप सुरू व्हायच्या आधीच, तो काकांना वर घेऊन आला. दिवाणावर बसवलं आणि गाणं लावलं. काका दचकले नाहीत. त्यांनी शेजारी फळीवर पालथा हात ठेवला, मग उठून भिंतीवर ठेवला, मग जमिनीवर.

"हे ते," ते म्हणाले. "पंप नव्हे."

"नव्हेच."

"मग बेअरिंग?"

"काही झालं नव्हतं, काका. मी खोटं बोललो."

काकांनी हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. "मी घरी जाऊन म्हातारीला सांगितलं, माझा हात मेला म्हणून. ती दोन दिवस तेल चोळत होती."

वाइंडरला वाटलं, त्यांनी एक मुस्काटात द्यावी आणि सुटावं. पण काकांचा हात मांडीवरच राहिला. माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, मला सांगून काय उपयोग, मला ठाऊकच होतं, ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग.

त्यावर वाइंडर उठला, त्याने घराचं दार सताड उघडलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. "थांबा, खालच्या सेक्रेटरीबाई येतील आता," म्हणाला.

वाट बघता बघता काकांनी विचारलं, की तू ऐकायला कुठे बसतोस? त्याने मधली खुर्ची दाखवली. काका म्हणाले, तिथे काय मिळणार, इकडे ये, भिंतीला पाठ लाव. त्याने लावली. छातीत कोणी आतून दार ठोठावावं तसा आवाज तिथे उभा होता. खालचा आवाज भिंतीपाशी साचतो; खोलीच्या मध्ये तेवढी पोकळी होती. तीन आठवडे तो पोकळीत खुर्ची टाकून बसला होता आणि सगळ्या इमारतीला भिंतींतून घुमवत होता. पंचवीस वर्षांची कानाची कमाई काकांच्या एका तळहाताने मोजून हातात दिली.

इतक्यात सेक्रेटरीबाई चष्मा हातात धरूनच वर आल्या. पंप बंद, काका इथे, मग हे काय, असं विचारणार होत्या, पण दिवाणाच्या भोकात थरथरती पाटी दिसली, तशी चष्मा चढवून त्या खाली वाकल्या. मागोमाग शिंपी आला, पत्त्यांची मंडळी आली. वाइंडर दारात जाऊन उभा राहिला. पंप धडधाकट होता, बेअरिंग मी नुसतं पुसलं, काकांचा हात बरोबर होता आणि मला लाज वाटली म्हणून मी त्यांची अब्रू घेतली, असं त्याने एका दमात, खाली मान घालून सांगितलं.  शिंप्याने जिन्यातल्या त्या कागदाकडे, मग वाइंडरकडे, मग पुन्हा कागदाकडे पाहिलं. ते पाहणं वाइंडरला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पंपाचं बटण बसलं नाही. काका पत्त्यांना परत आले, आणि ‘वाटतं’ बंद झालं. मेहुणा एका रविवारी ऐकायला आला, तेव्हा वाइंडरने त्याला भिंतीपाशी उभं केलं. मेहुणा म्हणाला, दाजी, मान गये. वाइंडरला मात्र त्यात काही गोडी राहिली नव्हती. त्याने दोन गाणी ऐकवून बंद केलं. आता दिवाण दुपारी कधीच वाजत नाही, आणि वाजवायचा असेल तर तो आधी खाली जाऊन बाईंना चष्मा घालून बसायला सांगतो.

पण इमारत ती इमारत. परवा जिन्यात चौघे टपून होते. वाइंडर वर येताना दिसला तसा एकाने साळसूद चेहरा करून विचारलं, काय वाइंडर, आज पंपाची तब्येत कशी काय? वाइंडर थांबला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मला काय विचारता? एकदा विचारलंत, तेव्हा मी खोटं सांगितलं. काका खाली बसलेत. त्यांना विचारा."